भट्टी उघडल्यावर

लोणच्याची जुनी बरणी रिकामी करून धुतांना पुष्कळदां तिच्या आंतल्या पांढऱ्या अंगावर तांबूस रेषांचें जाळें दिसतें. राखेनें घासलें, सोड्याच्या पाण्यांत भिजविलें, तरी तें जात नाहीं. आणि बोल मात्र घासणारीला लागतो. वास्तविक तो वरचा डाग नव्हेच. बरणीच्या झिलईला केसाएवढे बारीक तडे गेलेले असतात, व तेल-मीठ त्यांतून आंतल्या मातींत मुरलेलें असतें. हा दोष स्वयंपाकघरांत उघडकीस येतो. त्याचा उगम कारखान्यांत झालेला असतो.

तेथेंही त्याचें खापर बहुधा भट्टीवर फुटतें. भांडीं बिघडलीं कीं आंच वाढवावयाची किंवा कमी करावयाची, हा या धंद्यांतील पहिला मोह. पण आंच पुष्कळदां आधींचीच चूक उघड करीत असते.

झिलई म्हणजे भांड्यावर वितळवून बसविलेली पातळ कांच. गारगोटी, फेल्स्पार, चुना, टांकणखार अशा द्रव्यांची पूड पाण्यांत कालवून भांड्यावर चढवितात आणि भट्टींत ती वितळते. भट्टी निवूं लागली म्हणजे माती व कांच दोन्ही आक्रसतात. कांच मातीपेक्षां थोडी कमी आक्रसली तर ती दाबाखालीं राहते, आणि दाब तिला चांगला सोसतो. ताण मात्र सोसत नाहीं. मातीपेक्षां अधिक आक्रसली कीं ती ताणली जाऊन तडकते; फारच कमी आक्रसली तर कडांवरून व कानांवरून तिचे टवके उडतात. भट्टींतून काढून ठेवलेल्या भांड्यांतून कधीं कधीं बारीक टिंग् टिंग् असा आवाज येत राहतो, तो या तडकण्याचाच.

तडे थांबविण्याचे नियम जर्मन रसायनज्ञ हेर्मान झेगर (१८३९–१८९३) यांनीं घालून दिले. ते ऐकून प्रथम कोणीही बुचकळ्यांत पडेल. झिलईंत गारगोटी वाढवावी, हा एक. मातींत गारगोटी वाढवावी, हा दुसरा. एकच पदार्थ दोहोंकडे घालून लाभ कसा व्हावा? उत्तर असें कीं, झिलईंत गारगोटी विरघळून कांच होते व अशी कांच फार थोडी आक्रसते. मातींत ती बहुतांशीं स्फटिकरूपानेंच राहते, आणि निवतांना सुमारें ५७३ अंश सेंटिग्रेडला तिचे कण एकदम आक्रसतात. एकीकडचें आक्रसणें घटतें, दुसरीकडचें वाढतें, आणि झिलई दाबाखालीं येते.

कांहीं भांडीं महिन्यांनीं तडकतात. त्यांची माती कच्ची व सच्छिद्र राहिलेली असते. ती हवेंतली ओल शोषून किंचित् फुगते व झिलईला ताणते. येथें माती अधिक भाजणें हाच उपाय. म्हणजे भट्टीला बोल लावणारा या एका ठिकाणीं तरी बरोबर ठरतो.

चीनमध्यें दक्षिण सोंग राजवटींत हांग्चौच्या राजकीय भट्ट्यांनीं हेच तडे मुद्दाम आणून त्यांची शोभा केली. फुलदाणीला तें साजतें, बरणीला नाहीं.

इतर दोष लवकर उमगतात. झिलई गोळा होऊन मधेंच माती उघडी पडली तर धूळ, बोटांचा तेलकटपणा किंवा फार जाड लेप यांचा संशय घ्यावा. ओल्या स्पंजानें भांडें पुसून पातळ लेप देणें बहुधा पुरतें. सुईच्या टोकाएवढीं छिद्रें पडलीं तर मातींतला वायु बाहेर पडल्यावर झिलई पुन्हां मिटली नाहीं, असें समजावें. पहिली भाजणी कडक करावी, व झिलईच्या भाजणींत शेवटची आंच थोडा वेळ स्थिर ठेवावी. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर गुण कशानें आला तें कळत नाहीं.

छिद्रें व गोळे घालविण्याची एक सोपी युक्ति जुन्या काळापासून चालत आली आहे: झिलईंत शिसें वाढविणें. मग झिलई पातळ होऊन पसरते, छिद्रें मिटतात आणि भांडें आरशासारखें चकाकतें. परंतु लिंबू, चिंच, व्हिनेगर यांच्या आंबटपणानें हें शिसें अन्नांत उतरूं शकतें, आणि शिसें हें विष आहे. हिरव्या रंगासाठीं तांबें घातलेलें असेल तर तें अधिकच सुटतें. नुसत्या डोळ्यांनीं पाहून त्याचा पत्ता लागत नाहीं. म्हणून ज्या बरणीची खात्री नाहीं तिच्यांत लोणचें घालूं नये. फुलें ठेवण्यास ती बरी.