चक सुटतो कसा?

ड्रिल मशीनच्या शाफ्टवरून चक निघेना की हात हातोड्याकडे जातो. ‘अडकला’ हे आपण म्हणतो. खरे तर तो नेमून दिलेले काम चोख करत असतो. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सने १८६३ मध्ये पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. त्याच्या नावाने रूढ झालेल्या टेपरमध्ये, म्हणजे चकाच्या निमुळत्या दांड्यात, धरून ठेवायला ना आटे असतात ना चावी. वीस मिलिमीटर लांबीत व्यास जेमतेम एक मिलिमीटरने उतरतो, म्हणजे अक्षाशी कोन दीड अंशाच्या आसपास. पोलादावरून पोलाद घसरायला याच्या कितीतरी पट उतार लागतो. त्यामुळे एकदा ठोकून बसवलेला दांडा आपणहून सुटत नाही. मिलिंग मशीनच्या ७/२४ टेपरचा कोन आठ अंशांच्या वर असतो. तो मागून बोल्टने ओढून धरावा लागतो, पण बोल्ट सैल केला की हलक्या ठोक्यानेही सुटतो. पकड आणि सुटका दोन्ही कोनातच ठरलेल्या असतात. म्हणून जोर वाढवण्याआधी बसवणाऱ्याने सुटकेची वाट कुठे ठेवली आहे ते पाहावे.

मोर्स टेपरमध्ये ती वाट उघड दिसते. दांड्याच्या टोकाला चपटी जीभ आणि स्पिंडलला आरपार खाच. खाचेत चपटी पाचर घालायची, तिची गोल कड वर आणि सपाट कड जिभेवर, आणि मागून ठोकायचे. पाचर वर स्पिंडलला रेटते, खाली जिभेला. जोर या दोघांतच फिरतो, बेअरिंगपर्यंत फारसा पोचत नाही. चक आणि दांडा यांच्यामधला छोटा टेपर सोडवायला खाच नसते. तिथे दोन दुबेळकी पाचरी समोरासमोरून चकाची पाठ आणि दांड्याचा खांदा यांच्यामध्ये घालून शिकंज्यात दाबतात. मोटरच्या शाफ्टला खांदाच नसेल आणि पाचर मोटरच्या झाकणावर टेकवली, तर सगळा ताण बेअरिंगच्या गोळ्यांवर येतो. गोळ्यांच्या वाटेत बारीक खळगे पडतात आणि चक सुटल्यावर मोटर घरघरू लागते. तिथे दोन-तीन जबड्यांचा पुलर बरा: जबडे चकाला मागून ओढतात, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकाला रेटतो. अर्थात त्यासाठी शाफ्टच्या टोकापर्यंत पोचता आले पाहिजे.

‘अनुभवी फिटरही हातोडाच मारतो, आणि चक निघतो!’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, हँड ड्रिलच्या आट्यांवर बसलेल्या चकाला ठोकाच लागतो. पण आधी जबडे पूर्ण उघडून तळाशी असलेला स्क्रू पाहावा लागतो. त्याचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून काढायचा. मग चकात मोठी ॲलन की धरून तिच्या लांब दांड्यावर उलट्या दिशेने झटका मारायचा. हळू रेटले तर गिअरसकट मोटरच फिरत राहते. अचानक घावाला तिचा जड रोटर लगेच दाद देत नाही, तेवढ्यात आटे सुटतात. स्क्रू न काढता मारलेला शंभरावा घावही वाया जातो. उष्णतेचेही तसेच. पंचवीस मिलिमीटरचा पोलादी व्यास शंभर अंशांनी तापला तर सुमारे ०.०३ मिलिमीटरने फुगतो. ढिला करायला तेवढे पुष्कळदा पुरते, पण शाफ्ट थंड असेपर्यंतच. सावकाश तापवत बसले की चक आणि शाफ्ट दोन्ही फुगतात आणि बेअरिंगचे ग्रीस वितळते ते वेगळे.

टेपर सुटतो तो एकदम, आधी जराही न हलता. पाचरीवर पहिला ठोका देण्यापूर्वीच मशीनच्या टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवलेला असावा.