अत्याचारानंतरचे किशोरवयीन मन

लैंगिक अत्याचार सोसलेल्या किशोरवयीन मुला-मुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत झोप उडणे, दचकणे, तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येणे ही लक्षणे सर्रास दिसतात. ती महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर आघातोत्तर तणाव विकाराचे (पीटीएसडी) निदान होऊ शकते. नैराश्य, स्वतःला इजा करणे, आत्महत्येचे विचार यांचा धोकाही वाढतो. शाळेत मात्र हे सारे घसरलेले गुण, चिडचिड, दांड्या अशा रूपात समोर येते आणि ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून दिले जाते.

सर्वांत चिवट असते ती अपराधीपणाची भावना. अत्याचार करणारा बहुधा ओळखीतला असतो. भीतीने शरीर गोठते, प्रतिकार होत नाही. मग मूल दोष स्वतःकडेच घेते आणि वर्षानुवर्षे गप्प राहते. मुलगे तर मुलींहूनही कमी बोलतात. उशिरा सांगितले म्हणजे खोटे सांगितले, हा समज निराधार आहे.

यातून सावरायला आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचाराचा उपयोग होतो. त्यात विश्वासातल्या पालकांनाही सामील करून घेतात. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बाल मदतवाहिनी : १०९८.