गोलंदाजांच्या आठवणी घरातच जपाव्या लागतात

‘गोलंदाज’ हा शब्द वर्गात उच्चारला की मुले क्रिकेटपटूंची नावे सांगू लागतात. मराठीत हा शब्द आता खेळाच्या मैदानापुरताच उरला आहे, त्यात मुलांचा दोष नाही. मूळ अर्थाने गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा फेकणारा, तोफखान्यातला सैनिक. ‘तीरंदाज’मधला ‘अंदाज’ आणि हा ‘अंदाज’ एकच; फारसीत त्याचा अर्थ फेकणारा.

भारतीय तोफखान्याचा इतिहासही याच शब्दापासून सुरू होतो. २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबई इलाख्याच्या सैन्यात गोलंदाज बटालियनची एक कंपनी उभी राहिली. पुढे तीच ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी २८ सप्टेंबरला ‘गनर्स डे’ पाळतात. तोफखान्याचे ब्रीद आहे ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’. पहिला शब्द संस्कृत, पुढचे अरबी-फारसीतून उर्दूत आलेले. एका हाताने मराठीचे आणि दुसऱ्या हाताने उर्दूचे पुस्तक उघडणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे ब्रीद फार जवळचे वाटते.

मराठी मुलखाला तोफांची ओळख त्याहून जुनी. १७६१ च्या पानिपतात भाऊसाहेबांच्या बाजूने तोफखाना सांभाळणारे इब्राहिमखान गारदी जखमी होऊन शत्रूच्या हाती लागले आणि मारले गेले. त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पण त्यांच्या हाताखाली तोफ ओढणाऱ्यांची, बत्ती देणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

न दिसणारे काम

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी तोफा हिंदी सैनिकांच्या हाती ठेवणे जवळजवळ बंद केले. मोठा अपवाद होता तो डोंगरी बॅटऱ्यांचा. तोफेचे भाग सुटे करायचे, खेचरांच्या पाठीवर लादायचे आणि वर चढून पुन्हा जोडायचे, असे ते काम. पंजाबी मुसलमान आणि शीख जवान या बॅटऱ्यांत एकत्र राबत. मैदानी तोफखान्याची पहिली हिंदी तुकडी उभी राहायला १९३५ साल उजाडले. पुढे बारा वर्षांनी फाळणी झाली आणि एकाच तोफेवर घाम गाळलेले सोबती दोन देशांत विभागले गेले.

तोफखान्याचे काम एकट्याचे नसते. एक जण गोळा आणतो, एक भरतो, एक नेम साधतो, हवालदार हुकूम देतो. गोळा कित्येक किलोमीटर दूर, डोंगराच्या पलीकडे जाऊन पडतो. तो कुठे पडला हे तोफेजवळच्यांना दिसत नाही. पायदळासोबत पुढे गेलेला निरीक्षक वायरलेसवर सांगेल तेवढेच कळते. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे व रॉकेट डागले. द्रासमधल्या ५१४० या शिखराला २०२२ साली ‘गन हिल’ हे नाव मिळाले. नाव तोफेला मिळाले, तोफखान्याला मिळाले. पण गोळे उचलून ज्यांचे खांदे सुजले ते जवान गावी परतले आणि गर्दीत मिसळून गेले.

हवालदार उमराव सिंग

तोफखान्यातल्या एका माणसाची हकिकत मात्र तपशिलासह नोंदली गेली आहे. उमराव सिंग आजच्या हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातील पालडा गावचे. १५ डिसेंबर १९४४ च्या रात्री ते ब्रह्मदेशातल्या कलादान खोऱ्यात आपल्या तोफेजवळ होते. सुमारे दीड तास जपान्यांचा भडिमार झाला आणि मग त्यांचे पायदळ चाल करून आले. दोन हातबॉम्बनी जखमी होऊनही उमराव सिंगांनी ब्रेनगन चालवून पहिला हल्ला परतवला. दुसऱ्या हल्ल्यानंतर ते आणि आणखी दोघेच शिल्लक राहिले. तिसऱ्या हल्ल्याच्या सुरुवातीलाच गोळ्या संपल्या. तेव्हा त्यांनी तोफेसाठी वापरायचा जड लोखंडी दांडा उचलला. सहा तासांनी आपली माणसे तेथे पोहोचली तेव्हा ते बेशुद्ध होते. डोक्यावरच्या जखमांमुळे चेहरा ओळखू येत नव्हता, पण दांडा हातातच होता. आसपास दहा जपानी सैनिक मरून पडले होते. त्यांची तोफ त्याच दिवशी पुन्हा धडाडू लागली. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नंतरचे आयुष्य मात्र फार साधे गेले. निवृत्त होऊन ते गावी परतले आणि आपल्या थोड्याशा शेतीत रमले. पदकाला मोठमोठ्या किमती सांगून आल्या, पण त्यांनी ते विकले नाही. ज्या साथीदारांनी जीव दिला त्यांचा तो अपमान ठरेल, अशी त्यांची भावना होती. पदकासोबत मिळणारा भत्ता वर्षाला अवघा १६८ पौंड होता. १९९५ साली युद्धसमाप्तीच्या पन्नाशीनिमित्त लंडनला गेले असता त्यांनी ही गोष्ट थेट ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या कानावर घातली. मग तो १३०० पौंड झाला, आणि त्यांच्यासारख्या इतरांनाही त्याचा लाभ मिळाला. २१ नोव्हेंबर २००५ रोजी, आपल्या ८५ व्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

ट्रंकेवरचा नंबर

उमराव सिंगांची कहाणी पदकामुळे टिकली. ज्यांना पदक मिळाले नाही त्यांचे काय?

आमच्या परिचयातले एक हवालदारसाहेब काही वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. तोफेजवळ उभे राहून त्यांचा डावा कान निकामी झाला होता, म्हणून त्यांच्या बीबी जेवताना नेहमी उजव्या बाजूला बसत. घरात एवढे सगळ्यांना ठाऊक होते. पण ते कोणत्या रेजिमेंटमध्ये होते, हे मुलांना सांगता येईना. कुटुंब पेन्शनसाठी कागद गोळा करायची वेळ आली तेव्हा आर्मी नंबरही सापडेना. शेवटी तो सापडला जुन्या काळ्या ट्रंकेच्या झाकणावर, पांढऱ्या रंगात लिहिलेला: नंबर, हुद्दा, नाव. नातवाने ती ट्रंक नव्याने रंगवायला काढली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर तो नंबर रंगाखाली गेला असता.

आपण काय करू शकतो

आपल्या घरात मरहूमांसाठी दुआ-ए-मगफिरत होते. पण आजोबांनी आयुष्य कुठे घालवले, हे नातवंडांना क्वचितच सांगितले जाते. ज्यांच्या घरात फौजी होऊन गेले त्यांनी एक वही करावी. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, रेजिमेंट, भरतीचे आणि निवृत्तीचे साल लिहावे. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनच्या हुकमाची प्रत त्याच वहीत ठेवावी. बीबीचे नाव डिस्चार्ज बुकात, आधार कार्डावर आणि बँकेत एकसारखे आहे का, ते आत्ताच पाहावे. ‘खातूनबी’ आणि ‘खातून बेगम’ घरच्यांसाठी एकच असतात, कचेरीसाठी नसतात. तोफखान्याच्या सैनिकांची दप्तरे नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्समध्ये असतात. अर्ज कसा करायचा याची मदत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

वहीची उरलेली पाने आठवणींसाठी ठेवावीत. ते कोणत्या डोंगरावर होते, बर्फात वुजू कसे करत, ईदच्या दिवशी तोफेजवळ कोणत्या सोबत्याने त्यांना मिठाई दिली, रजेवर येताना घरी काय आणत, हे आई सांगेल, दादी सांगेल. त्यांच्याजवळ बसून मुलांनी ते स्वतःच्या हाताने लिहावे, उर्दूत लिहावे की मराठीत याची चिंता करू नये. २८ सप्टेंबर हा या कामासाठी चांगला दिवस आहे. पण सांगणारे माणूस वयस्कर असेल तर तारखेची वाट पाहू नका, आज संध्याकाळीच बसा.