सेरेंगेटीत पाऊस कुठे आहे?

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं की आपण आधी मुलांच्या सुट्ट्या बघतो, मग विमानाचं भाडं. खरं तर सगळ्यात आधी बघायला हवं की त्या महिन्यात तिथे पाऊस कुठे पडत असेल. सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, त्यांच्या सोबतीला दोनेक लाख झेब्रे आणि लाखो गझेल हरणं वर्षभर पावसाच्या मागावर चालत असतात. उद्यान आहे १४,७६३ चौरस किलोमीटरचं. कळप दक्षिणेला असताना उत्तरेतला तंबू घेतलात, तर सिंह, हत्ती, जिराफ भेटतील, पण ज्यासाठी एवढा समुद्र ओलांडून आलात ते नजरेस पडणार नाही.

आता यातलं खरं कोडं बघा. उत्तरेला मारा नदी आहे, बारमाही वाहणारी. पाऊसही तिकडेच जास्त. आग्नेयेकडच्या मैदानांचा पाऊस न्गोरोंगोरोचे डोंगर अडवतात, त्यामुळे तिथे उत्तरेच्या मानाने जेमतेम निम्मा पडतो आणि कोरड्या महिन्यांत प्यायला पाणीसुद्धा उरत नाही. मग ही जनावरं उत्तरेतच सुखाने का राहत नाहीत?

उत्तर मातीत आहे. न्गोरोंगोरोच्या परिसरातल्या ज्वालामुखींनी हजारो वर्षं या मैदानांवर राख पसरली. त्यातला ओल दोइन्यो लेंगाई आजही जागा आहे, आणि त्याचा लाव्हा जगावेगळा: बाहेर येतो तो काळा, हवेतला ओलावा लागला की पांढरा पडतो. या राखेतला चुना पावसाबरोबर खाली झिरपून मातीखाली कोबा केल्यासारखा घट्ट थर बसला आहे. झाडांची मुळं त्यातून खाली उतरत नाहीत, म्हणून मैलोन् मैल एक झाड नाही. गवताला मात्र वरची वीतभर माती पुरते आणि त्या मातीत कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच हवं असतं. उत्तरेच्या उंच गवतात पोट भरतं, पण हे क्षार कमी पडतात. डिसेंबरात दक्षिणेवर सरी आल्या की कळप तिकडे वळतात ते यासाठी.

फेब्रुवारीत दक्षिणेतल्या न्दुटूच्या आसपास जे घडतं, ते या साऱ्या फिरतीचं मला सर्वांत थोर पर्व वाटतं. दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात. मादी बहुधा सकाळच्या वेळी, आखूड गवतात, कळपाच्या मध्येच विते. वासरू ओलंच असतं, लटपटत उठतं, पडतं, पुन्हा उठतं. पाच-सात मिनिटांत चारही पायांवर उभं राहतं आणि थोड्याच वेळात आईच्या बरोबरीने धावू लागतं. तरस, चित्ते, सिंह सगळे आजूबाजूला असतात. पण एकदम इतकी वासरं आल्यावर शिकारी खाऊन खाऊन किती खाणार? उशिरा जन्मलेल्या एकट्यादुकट्या वासराची मात्र धडगत नसते.

हे दृश्य आज आहे, हेही नवलच. १९६१ च्या सुमारास इथे जेमतेम अडीच लाख विल्डबीस्ट होते. आपल्याकडे गुरांचे गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी तिथे रानातही पोचली होती. आसपासच्या गावांतल्या गुरांना लस टोचली, तशी ती रानातूनही गेली, आणि १९७७ पर्यंत कळप १३ लाखांवर पोचला. रानातल्या एकाही जनावराला सुई टोचावी लागली नाही!

एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ. रस्ते चिखलाचे, काही तळ बंद, दर उतरलेले. कळप पश्चिमेकडे सरकत असतात. जूनच्या सुमारास ग्रुमेती नदी, जुलै ते ऑक्टोबर मारा. नदी ओलांडण्याची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. प्रत्यक्षात हजारो जनावरं काठावर तासन् तास उभी राहतात आणि कधी तशीच परत फिरतात, तेव्हा उत्तरेत निदान तीन रात्री हाताशी ठेवा. दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट मारा नदीत बुडतात. गिधाडं, मगरी, मासे त्यांवर जगतात, आणि हाडांतला फॉस्फरस पुढे कित्येक वर्षं पाण्यात उतरत राहतो. दिवाळी ऑक्टोबरअखेरीस आली, तर उत्तरेत थोडे कळप मिळण्याची आशा असते. नोव्हेंबरच्या मध्यावर आली, तर ते दक्षिणेच्या वाटेवर असतात. मला विचाराल, तर फेब्रुवारीत रजा काढा.

बाकी तयारी सोपी आहे. नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घेऊन दाखला जवळ ठेवा. परतताना आपल्या विमानतळावरही तो विचारतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून घ्या. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्या रंगांवर येतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. दुर्बीण माणशी एक हवी, कारण चित्ता उठला की ती कुणीच दुसऱ्याच्या हातात देत नाही. पैसे भरण्याआधी सहल कंपनीकडून एक गोष्ट लेखी घ्या: तुमच्या तारखांना तळ नेमका कुठे असेल. काही तळ कळपांबरोबर जागा बदलतात, त्यामुळे नुसत्या नावावरून पत्ता लागत नाही.