न्यूझीलंड पोलीस

न्यूझीलंड पोलीस (माओरी भाषेत: ङा पिरिहिमाना ओ आओटेआरोआ) हे न्यूझीलंड देशाचे राष्ट्रीय पोलीस दल आहे. त्याचे मुख्यालय राजधानी वेलिंग्टन येथे आहे. भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने महाराष्ट्र पोलीस, गोवा पोलीस अशी प्रत्येक राज्याची वेगळी दले आहेत. न्यूझीलंडमध्ये घटक राज्ये नाहीत. त्यामुळे गस्त, गुन्ह्यांचा तपास, वाहतूक नियंत्रण तसेच रानावनात हरवलेल्यांचा शोध ही सर्व कामे एकाच दलाकडे आहेत. या दलातील बहुसंख्य पोलीस नेहमीच्या गस्तीवर असताना अंगावर बंदूक बाळगत नाहीत.

इतिहास

१८४० मध्ये ब्रिटिश सत्ता स्थापन झाल्यानंतर देशात पोलीस व्यवस्थेस आरंभ झाला. १८६७ च्या कायद्याने सशस्त्र शिपाई दल उभारण्यात आले. माओरींविरुद्धच्या युद्धांत लढणे आणि वसाहतीत पोलिसांचे काम करणे अशी दोन्ही कामे या दलाकडे होती. १८८६ च्या पोलीस दल कायद्याने सैनिकी कार्य व पोलीस कार्य परस्परांपासून वेगळे करण्यात आले. आजच्या निःशस्त्र गस्तीची परंपरा या विभाजनातून आली. १९४१ मध्ये दलात स्त्रियांचा प्रवेश झाला. १९५८ च्या कायद्याने दलाच्या अधिकृत नावातील ‘दल’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वगळण्यात आला. त्या शब्दाचा ‘बळ’ असाही अर्थ होतो. १९९२ मध्ये परिवहन मंत्रालयाचा वाहतूक सुरक्षा विभाग पोलिसांत विलीन झाला. सध्या दलाचा कारभार २००८ च्या पोलीसकार्य कायद्यानुसार चालतो.

रचना

दलाचा प्रमुख पोलीस आयुक्त असतो. पंतप्रधानांच्या शिफारशीवरून गव्हर्नर जनरल त्याची नियुक्ती करतात. आयुक्ताच्या हाताखाली उपायुक्त व साहाय्यक आयुक्त असतात.

देशाचे १२ पोलीस जिल्हे करण्यात आले आहेत: नॉर्थलँड, वाइटेमाटा, ऑकलंड शहर, काउंटीज मानुकाऊ, वायकाटो, बे ऑफ प्लेंटी, ईस्टर्न, सेंट्रल, वेलिंग्टन, टास्मन, कँटरबरी आणि सदर्न. यांपैकी शेवटचे तीन दक्षिण बेटावर, तर उरलेले नऊ उत्तर बेटावर आहेत. जिल्ह्याचा प्रमुख अधीक्षक दर्जाचा अधिकारी असतो. जिल्ह्याचे क्षेत्रांत विभाजन केलेले असून क्षेत्रांत पोलीस ठाणी येतात. दुर्गम भागांतील काही ठाण्यांचा कारभार एकच पोलीस सांभाळतो.

शिपाई, ज्येष्ठ शिपाई, सार्जंट, ज्येष्ठ सार्जंट, निरीक्षक आणि अधीक्षक अशी पदांची चढती श्रेणी आहे. नव्या भरतीचे प्रशिक्षण वेलिंग्टनजवळील पोरिरुआ येथील पोलीस महाविद्यालयात होते. सेवेची शपथ इंग्रजीत किंवा माओरीत घेता येते.

१९६३ च्या प्रारंभी काही आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांत चार पोलिसांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यानंतर १९६४ मध्ये सशस्त्र गुन्हेगारांना तोंड देणारी खास पथके स्थापन झाली. गस्तीच्या वाहनांत शस्त्रे कुलूपबंद पेटीत ठेवलेली असतात आणि गरज पडल्यासच ती बाहेर काढली जातात. याशिवाय श्वानपथके, सागरी पथके व ‘ईगल’ हे हेलिकॉप्टर पथक दलात आहे.

शासनाशी संबंध

संपूर्ण देशाचे पोलीस एकाच व्यक्तीच्या आज्ञेत असल्याने सत्ताधारी त्यांचा राजकीय वापर करतील, असा धोका संभवतो. यासाठी २००८ च्या कायद्याच्या १६ व्या कलमात सीमारेषा आखलेली आहे. दलाचे सर्वसाधारण कामकाज व व्यवस्थापन यांबाबत आयुक्त पोलीसमंत्र्यांना उत्तरदायी असतो. परंतु विशिष्ट व्यक्तीवर कायद्याची अंमलबजावणी करणे, गुन्ह्याचा तपास करणे किंवा खटला भरणे यांबाबत त्याने कोणत्याही मंत्र्यापासून स्वतंत्र राहून निर्णय घ्यावा, असे हे कलम सांगते.

१११: आणीबाणीचा क्रमांक

१८ नोव्हेंबर १९४७ रोजी क्राइस्टचर्च येथील बॅलंटाइन या मोठ्या दुकानास लागलेल्या आगीत ४१ जण मृत्युमुखी पडले. अग्निशमन दलास वर्दी देण्यास झालेल्या विलंबावर पुढे टीका झाली. ब्रिटनमधील ९९९ प्रमाणे तातडीच्या मदतीसाठी एकच क्रमांक असावा, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली. १९५८ मध्ये मास्टर्टन व कार्टर्टन या गावांत १११ हा क्रमांक सुरू झाला आणि तेथून तो देशभर पसरला.

१११ हा आकडा निवडण्यामागे तांत्रिक कारण होते. न्यूझीलंडमधील दूरध्वनींच्या तबकडीवरील आकडे ब्रिटिश तबकडीच्या उलट क्रमाने मांडलेले होते. तेथे १ फिरवल्यास ब्रिटनमधील ९ इतकेच विद्युत्स्पंद जात. त्यामुळे ९९९ साठी बनलेली ब्रिटिश यंत्रणा जशीच्या तशी वापरता आली.

१११ वर केलेला दूरध्वनी प्रथम दूरसंचार कंपनीचा कर्मचारी उचलतो आणि अग्निशमन, रुग्णवाहिका की पोलीस, असे विचारतो. पोलीस म्हटल्यास तो पोलिसांच्या संपर्क केंद्राकडे जोडला जातो. तेथे घटनेचे ठिकाण व स्वरूप विचारून जवळचे पथक रवाना केले जाते.

ही साखळी तुटल्यास काय होते, हे २००४ मध्ये दिसून आले. ऑकलंडच्या पश्चिमेस पिहा या समुद्रकिनाऱ्यावरून एका तरुणीने १११ वर मदत मागितली. तिच्याकडे गस्तीची गाडी न पाठवता टॅक्सी पाठवण्यात आली आणि तीही चुकीच्या पत्त्यावर गेली. तरुणी बेपत्ता झाली व पुन्हा कधीही सापडली नाही. त्यानंतर संपर्क केंद्रांची स्वतंत्र चौकशी झाली. २०१७ पासून मोबाइलवरून आलेल्या दूरध्वनीचे ठिकाण यंत्रणेस आपोआप कळण्याची सोय झाली आहे. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चमधील दोन मशिदींवरील हल्ल्यात ५१ जणांचा बळी गेला. त्या वेळी हल्लेखोरास पहिल्या दूरध्वनीपासून सुमारे वीस मिनिटांत पकडण्यात आले. त्याला पकडणारे दोन्ही पोलीस ग्रामीण ठाण्यांतील असून प्रशिक्षणासाठी त्या दिवशी शहरात आलेले होते.

संपर्क

• १११ – जिवास धोका असल्यास किंवा गुन्हा घडत असल्यास. बोलणे धोक्याचे असेल तर मोबाइलवरून दूरध्वनी करून सूचना ऐकाव्यात व सांगितल्यावर ५५ दाबावे.
• १११ वर लघुसंदेश – कर्णबधिर किंवा बोलण्यात अडचण असलेल्यांसाठी. यासाठी आधी नोंदणी करावी लागते.
• १०५ – चोरी, मोडतोड, हरवलेली वस्तू अशा घडून गेलेल्या व तातडी नसलेल्या बाबींसाठी. ही सेवा २०१९ मध्ये सुरू झाली असून संगणकावरूनही तक्रार नोंदवता येते.
• +६४ ४ ९१० ५१०५ – १०५ सेवेशी परदेशातून संपर्क साधण्यासाठी. न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भारतातील पालकांना तो उपयोगी पडतो.
• ०८०० ५५५ १११ – नाव न सांगता गुन्ह्याची माहिती देण्यासाठी. ही सेवा ‘क्राइम स्टॉपर्स’ ही पोलिसांपासून स्वतंत्र संस्था चालवते.

पोलिसांविरुद्ध तक्रार

पोलिसांच्या वर्तनाविरुद्धची तक्रार स्वतंत्र पोलीस वर्तन प्राधिकरणाकडे करता येते. १९८९ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरण या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेस २००७ मध्ये आजचे नाव मिळाले. पोलिसांमुळे एखाद्याचा मृत्यू झाल्यास किंवा कोणास गंभीर इजा झाल्यास पोलिसांनी स्वतःहून ते या प्राधिकरणास कळवणे बंधनकारक आहे. मात्र प्राधिकरण केवळ शिफारस करू शकते. खटला भरण्याचा अधिकार त्यास नाही.