मुशीतला रंग

सराफकट्ट्यावर सोने वितळताना ज्याने पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की मूस तापू लागली तरी बराच वेळ डोळ्यांना काहीच दिसत नाही; हाताला मात्र झळ लागते. मग मंद लाली उमटते, ती शेंदरी होते, पुढे पिवळसर. आणि १०६४ अंश सेल्सिअसला सोने वितळते. मुरलेला कारागीर या रंगावरूनच भट्टी ओळखतो.

हा रंग सोन्याचा नव्हे, मुशीचाही नव्हे. तो उष्णतेचा आहे. चिनी मातीच्या भांड्यांचे इंग्रज कारखानदार जोसाया वेजवुड यांचे पुत्र टॉमस यांनी १७९२ साली नोंदवून ठेवले, की पदार्थ कोणताही असो, तो जवळजवळ त्याच तापमानाला लाल दिसू लागतो. १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ड्रेपर यांनी ते तापमान सुमारे ५२५ अंश ठरविले. त्याखाली प्रारण थांबते असे नाही. गरम तवा, भिंत, आपला देह, सारेच अखंड किरण सोडीत असतात. पण ते अवरक्त असल्याने दिसत नाहीत.

मात्र लालीच आधी का, निळाई का नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते मोजमापाच्या व्यवहारातून, हे व्यापारी वाचकांना विशेष वाटावे. १८८७ साली बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था उभी राहिली. गॅसचे दिवे आणि विजेचे दिवे यांची स्पर्धा चालू होती, आणि प्रकाश तोलण्यास खात्रीचे माप हवे होते. तेथील शास्त्रज्ञांनी छोटे छिद्र असलेली पोकळ भट्टी तापवून त्यातून येणारे प्रारण काटेकोर मोजले. लांब तरंगांचे आकडे जुन्या सूत्राशी जुळेनात. ७ ऑक्टोबर १९०० रोजी, रविवारी, हाइनरिख रुबेन्स यांनी हे माक्स प्लांक यांना घरी जाऊन सांगितले. त्याच संध्याकाळी प्लांक यांना नवे सूत्र सुचले. त्याचा अर्थ लावण्यास मात्र त्यांना १४ डिसेंबर उजाडला.

अर्थ असा, की ऊर्जेची देवघेव सुट्या नाण्यांत होते. नाण्याचा तुकडा पाडता येत नाही. तांबड्या प्रकाशाचे नाणे लहान, निळ्याचे मोठे. कमी तापलेल्या वस्तूच्या गल्ल्यात मोठे नाणे देण्याजोगी शिल्लक क्वचितच असते, म्हणून लाली आधी येते. प्लांक यांना स्वतःलाही ही कल्पना पुष्कळ दिवस रुचली नव्हती.

जुन्या बल्बची तार सुमारे २५०० अंशांपर्यंत तापे, तरी तिच्या प्रारणाचा बहुतांश भाग अवरक्तच राही. दागिन्यांच्या काचपेटीत असे दिवे असत, तेव्हा पेटी उघडताच झळ येई, ती याचीच. आजचे एलईडी दिवे तापून उजळत नाहीत. त्यांचा पिवळा रंग तेवढा त्या तारेवरून घेतलेला आहे, आणि खोक्यावर २७०० केल्विन असे छापलेले असते तेही तापलेल्या वस्तूचेच माप.