परक्याचे परकेपण

परग्रहावरील जीवांशी मानवाची पहिली गाठ पडते त्या कादंबऱ्यांतून सरस कोणती आणि नीरस कोणती हे ठरविताना मी आजवर एकच कसोटी मानीत आलो आहे: शेवटचे पान उलटल्यावर त्या परक्या जीवाविषयी न कळलेले असे काय उरते? जेथे परग्रहवासी आपल्याच गुणदोषांचा वेष पांघरून येतो, तेथे भेट झालीच नाही असे मी समजतो. विज्ञानकथेचे प्रयोजन विज्ञानप्रसार एवढेच, असे फर्मान काढून बसलेल्या आमच्याकडील काही समीक्षकांना हे मत रुचत नाही. प्रत्येक कोड्याचा उलगडा वाचकाच्या पदरी पडलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. परंतु ज्ञान जेथे संपते तेथे उभे राहून पलीकडे पाहण्याचे धैर्य देणे, हेही विज्ञानाचेच कार्य आहे.

वेल्सच्या १८९८ च्या कादंबरीत मंगळवासी लंडनवर चालून आले, तेव्हापासून अशा मुलूखगिरीच्या कथांचा जो पूर लोटला त्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. वेल्सला निदान टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराचे स्मरण वाचकास द्यावयाचे होते, अनुयायांना केवळ तोफा डागावयाच्या होत्या.

खरी वाट उघडली ती फ्रेड हॉईल या खगोलशास्त्रज्ञाने, १९५७ च्या ‘द ब्लॅक क्लाउड’ मध्ये. पालोमार वेधशाळेतील एक तरुण निरनिराळ्या रात्रींच्या छायाचित्रपट्ट्या आळीपाळीने डोळ्यांसमोर आणीत असता एका काळ्या वर्तुळाकार डागाच्या कडेचे तारे लुकलुकताना पाहतो, आणि डाग वाढला आहे, म्हणजेच जवळ येत आहे, हे ध्यानी येताच सर्व दप्तरांत धावपळ उडते. सूर्य झाकून टाकणारा तो मेघ सजीव आणि बुद्धिमान निघतो. पण घन ग्रहाच्या पृष्ठभागावर बुद्धी नांदते याचा विस्मय त्या मेघालाच अधिक वाटतो! त्याचे ज्ञान आपल्या मेंदूत उतरवून घेऊ पाहणारा कादंबरीचा नायक किंग्स्ली प्राणास मुकतो. ज्या साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच साली जयंत नारळीकर केंब्रिजला पोहोचले आणि पुढे हॉईलचेच शिष्य झाले. मराठी विज्ञानकथेला त्या गुरुकुलाचे केवढे ऋण आहे, हे आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी अद्याप पुरेसे नोंदविलेले नाही.

हॉईलच्या मेघाशी संभाषण तरी होते. पोलंडच्या स्टानिस्लाव लेम याने तीही सोय ठेवली नाही. ‘सोलारिस’ (१९६१) मधील महासागर संपूर्ण ग्रह व्यापून आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या संशोधकांनी त्याच्यावर ग्रंथालये भरतील एवढे लिहिले आहे, त्याच्या आकृतींना नावे दिली आहेत, आणि तरीही तो विचार करतो की काय, याचा निर्वाळा कोणी देऊ शकलेले नाही. अखेरीस कथेचा नायक केल्विन किनाऱ्यावर हात पुढे करतो तेव्हा लाट वर येते, हाताभोवती हवेचा पातळ थर राखून त्याला वेढते, पण स्पर्श करीत नाही. असे काही वेळा घडल्यावर तिचे कुतूहल ओसरते. प्रथमभेटीचे याहून प्रामाणिक चित्र मला ठाऊक नाही. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (१९६८) मध्ये तर आकाशातून आलेला न्यूट्रिनोंचा खलिता नेवाडाच्या वाळवंटात जमलेल्या विद्वानांना वाचता येत नाहीच, तो मुळात खलिता आहे की निसर्गाचाच एक व्यापार, हाही वाद मिटत नाही.

स्ट्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ आणि क्लार्कची ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) याच पंक्तीत बसतात. ‘रामा’मधले, प्रभू रामचंद्रांचे नाव लाभलेले पन्नास किलोमीटर लांबीचे नळकांड्यासारखे यान सूर्याजवळून ऊर्जा घेऊन मानवाची दखलही न घेता निघून जाते. सेगनच्या ‘काँटॅक्ट’मध्ये मूळ संख्यांचा संदेश येतो तो भाग रोमांचक, पण परग्रहवासी नायिकेच्या दिवंगत पित्याच्या रूपाने उभा ठाकतो तेथे माझी निराशा होते. लिऊ त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ बरीच गाजली; तिच्यातील तीन सूर्यांचे गणित वाचनीय खरे, मात्र अखेर ती मुलूखगिरीकडेच वळते.

आमच्याकडे, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी टोपणनावाने कथा धाडली होती. कथेचा न्याय कथेवरच व्हावा, हा आग्रह त्यात होता. आता मात्र दिवाळी अंकांत परग्रहवासी अडीच पानांत उतरतो, अस्खलित मराठी बोलतो, पर्यावरणाविषयी उपदेश करतो आणि जाहिरातीच्या पानाआधी परततो. संपादकांना मी पत्रे लिहिली, दीर्घकथेला जागा द्या म्हणून विनविले. उत्तरे सौजन्याची आली, जागा मिळाली नाही.

या प्रांतात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने आरंभ हॉईलपासून करावा, कारण तेथे वेधशाळेचा वास आहे. नंतर ‘रामा’, आणि ‘सोलारिस’ मात्र सलग रिकामे दिवस हाताशी असतील तेव्हाच उघडावी, तिच्यातील ग्रंथालयाची प्रकरणे न गाळता.